खालच्या टॅरंटचा बंब

ऑल्डन वेन्झेलच्या वहीत सदतीस नावं होती. नोव्हा स्कोशियाच्या दक्षिण किनाऱ्यावर गावकऱ्यांनी स्वतः चालवलेले, आग विझवणाऱ्या बंबांचे बंबखाने सदतीसच आहेत, आणि त्यांतला एकही त्याच्याकडून सुटलेला नव्हता. प्रत्येक नावापुढे बंब कोणत्या सालचा, फोटो कधी काढला, त्या दिवशी हवा कशी होती, हे सगळं बारीक अक्षरात. शाळेच्या ग्रंथालयात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाचं अक्षर. एखाद्या गावाने नवा बंब घेतला की ऑल्डन गाडी काढायचा, जाऊन फोटो घ्यायचा आणि जुन्या नोंदीखाली नवी नोंद करायचा. असं एकतीस वर्षं चाललं होतं.

फोटो मात्र बेताचेच यायचे. हे त्याचं त्यालाही कळत होतं. बंब जिथे उभा असेल तिथेच तो टिपायचा, कारण ‘जरा पुढे घेता का, चाकं थोडी डावीकडे वळवता का’ एवढं विचारायलाही त्याची जीभ रेटायची नाही. मग बंबाच्या मागे कचऱ्याचं पिंप यायचं, नाहीतर कुणाची तरी अर्धी मोटार.

गार्नेट मोशरचं तसं नव्हतं. गार्नेट पूर्वी मासळीचा व्यापारी होता. तो बंबखान्यात शिरला की लोक खुर्च्या सरकवून जागा करायचे. त्याच्या एका शब्दावर बंब धक्क्यावर नेऊन उभा केला जाई, माणसं कोट चढवून रांगेत उभी राहत, आणि ऊनसुद्धा नेमकं तेव्हाच पडे. बंबवाल्यांचा संघ दरवर्षी दिनदर्शिका काढतो. तिच्यातले सात-आठ महिने गार्नेटचे असत. ऑल्डनचा एक. सलग नऊ वर्षं फेब्रुवारी.

“अठ्ठावीस दिवस का होईना, भिंतीवर असतोस की, मास्तर,” असं गार्नेट म्हणायचा आणि सगळं टेबल हसायचं. ऑल्डनही हसायचा. मग घरी येऊन वही उघडून बसायचा. गार्नेटने कधी नोंद ठेवली नव्हती. त्याच्याकडे सदतीसपैकी तीसेक गावं असतील नसतील. ऑल्डनकडे सगळी होती. गार्नेटपेक्षा त्याच्याकडे जास्त असं एवढं एकच होतं.

मे महिन्यातल्या एका रविवारी मधल्या टॅरंटच्या बंबखान्यात गावन्याहारी होती. बंब बाहेर काढून आत लांब टेबलं मांडली होती. माशाच्या वड्या, गुळचट बीन्स, टोस्ट, आणि तळणाच्या वासात मिसळलेला डिझेलचा वास. गार्नेटच्या नव्या फोटोंचा गठ्ठा हातोहात फिरत ऑल्डनपाशी आला. त्याने बोटं पुसून एकेक बघायला सुरुवात केली. दहाव्या की अकराव्या फोटोला त्याचा हात थांबला.

एक जुना, बुटका बंब. लाल रंग काळपट पडून कलेजीसारखा झालेला. मागे पांढरी लाकडी इमारत आणि धुकं. पुढे रबरी कोट घातलेली माणसं. ऑल्डनने सवयीने मोजली. अकरा. बंबाच्या दारावर सोनेरी अक्षरांत गावाचं नाव होतं: खालचं टॅरंट.

टेबलापलीकडून गार्नेटचा हात आला आणि फोटो काढून घेऊन गेला. तो यात कसा आला कोण जाणे, असं काहीसं तो पुटपुटला आणि फोटो त्याने कोटाच्या आतल्या खिशात ठेवला.

“खालचं टॅरंट नावाचं गाव नाहीये, गार्नेट.”

गार्नेट हसला नाही. “मधलं आहे ना, मास्तर? मग खाली एक असल्याशिवाय मधलं कुठून आलं?”

ऑल्डनच्या कानाच्या पाळ्या तापल्या. वरचं टॅरंट नदीच्या वरच्या अंगाला आणि मधलं टॅरंट समुद्राच्या तोंडाशी. दोन्ही त्याच्या वहीत होती. जन्मभर शब्दांत राहिलेल्या माणसाला हा साधा प्रश्न एकतीस वर्षांत पडला नव्हता.

ताट ठेवायला गेला तेव्हा त्याने रोडा हिमलमनला विचारलं. रोडा तिथल्या बंबखान्याची उपप्रमुख. पन्नाशीची, बोलायला फटकळ. खाली काय आहे, तर खाली धक्का आहे आणि धक्क्यापुढे पाणी आहे, असं ती म्हणाली. मग बशी विसळता विसळता तिने आणखी एक गोष्ट सांगितली. धुकं असलं आणि ओहोटी असली की कधीकधी खालून भोंगा ऐकू येतो. आपला नसेल त्या भोंग्याला मान वर करायची नाही, असं इथे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवतात. “तुम्ही काही बंबवाले नाही, तुम्हाला कशाला सांगेल कुणी,” ती म्हणाली. बोलण्यात वाईट काही नव्हतं. पण ऑल्डनला ते लागलं. माणसं कमी आहेत, भरती व्हा, अशी पाटी सदतीसही बंबखान्यांच्या दारांवर कायम असते. त्या पाट्यांखालून तो एकतीस वर्षं ये-जा करत होता आणि त्याला कुणी विचारलं नव्हतं.

त्याची झोप गेली. वही उघडली की सदतीसच्या खालची कोरी ओळ दिसायची. जूनमध्ये तो न राहवून गार्नेटच्या घरी गेला. गार्नेटच्या बायकोने, लोइसने, नेहमीसारखं हसून आत घेतलं. गार्नेट मागच्या अंगणात होडी रंगवत होता. अंगाने तो बराच वाळला होता. रस्ता सांग, एवढंच ऑल्डनने विचारलं. गार्नेट कुंचल्याचे केस बोटांनी चेपत राहिला.

“त्या फोटोवर डोळा ठेवू नकोस,” तो शेवटी म्हणाला. “बाकी माझे कुठलेही घे. हवे तर तुझ्या नावाने छाप.”

“भीक नको मला.”

“तसं नाही रे. त्यांची माणसं कमी आहेत. मला विचारलं. मी उत्तर दिलं नाही आणि निघून आलो.”

ऑल्डनने त्यातलं एकच ऐकलं. त्यालाच विचारलं. तिथेही त्यालाच.

पुढचे दोन महिने तो आठवड्यातून तीन-तीनदा मधल्या टॅरंटच्या धक्क्यावर जाऊन गाडीत बसू लागला. ऑगस्टमध्ये एका सकाळी, दहाच्या सुमारास, धुकं इतकं दाट होतं की शेवंडांच्या सापळ्यांची रास चार हातांवर दिसेना. ओहोटी पूर्ण होती. धक्का जिथे संपतो तिथे आज रस्ता संपत नव्हता. गोट्यांवरून चाकांच्या दोन ओळी खाली उतरल्या होत्या. ऑल्डनने गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली.

किती वेळ गेला ते त्याला नंतर सांगता आलं नाही. दोन्ही बाजूंना करडी, पानं गळलेली झाडं होती आणि त्यांच्या खोडांवर शेवाळ होतं. काच खाली केली तर जुन्या धुराचा वास आला, पावसात विझलेल्या आगीचा येतो तसा. समुद्रपक्षी एकही ओरडत नव्हता. मग पांढरी इमारत आली, आणि तिच्यासमोर बंब.

चाकं डावीकडे वळवलेली होती.

गार्नेटला उजवीकडे लागत. ऑल्डनला डावीकडे. हे त्याने आजवर कुणापाशी बोलूनही दाखवलं नव्हतं. मागे पिंप नव्हतं, मोटार नव्हती, काहीच नव्हतं. नुसतं पांढरं धुकं. बंबापुढे अकरा माणसं उभी होती. पाऊस नव्हता, तरी त्यांच्या कोटांच्या कडांवरून पाणी ठिबकत होतं.

“ये, ऑल्डन,” त्यांच्यातला म्हातारा म्हणाला. “काढ सावकाश.”

त्याने सहा फोटो काढले. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं की आपण इथे कुणाला अडचण करत नाही आहोत.

“आम्ही अकरा आहोत,” म्हातारा म्हणाला. “बंबाला बारा लागतात.”

ऑल्डनच्या तोंडून आधी निघालं ते हेच: “गार्नेट मोशरला विचारलं होतं ना तुम्ही?”

“विचारलं होतं. त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.”

याचा अर्थ ऑल्डनला लागला नाही. गार्नेट कमी पडला, एवढं लागलं. त्याच्या छातीत ऊब पसरली. तो हो म्हणाला.

म्हाताऱ्याने मान हलवली. “बोलावू.”

परतताना तो धक्क्यावर पोचला तेव्हा भरती आली होती. गाडी ज्या वाटेने आली त्या वाटेवर दोन पुरुष पाणी होतं.

सहांतला एक फोटो अप्रतिम आला होता. ऑल्डनने अडतिसावी नोंद केली, पण तेवढ्याने भागेना. तो फोटो गार्नेटने बघायला हवा होता. बघून त्याला काहीतरी व्हायला हवं होतं. ऑक्टोबरच्या न्याहारीपर्यंत ऑल्डनने दिवस मोजले.

त्या रविवारीही धुकं होतं. गार्नेट एकटाच आला होता. लोइसला ताप होता. वरच्या खोलीत झोपली आहे, औषधाने गुंगी आली आहे, तुझ्यासाठी जॅमची बाटली पाठवलीय, असं सांगत त्याने टोस्ट तोडला. ऑल्डनने बीन्सची बशी बाजूला सारून फोटो त्याच्यासमोर ठेवला.

गार्नेटने फोटो उचलून डोळ्यांजवळ नेला. “असा मला कधी जमला नसता,” तो म्हणाला. थट्टा नव्हती. एकतीस वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली ते हे, आणि ते ऐकून ऑल्डनला कळलं की एवढं पुरत नाही. ते म्हणताना गार्नेटला दुखायला हवं होतं.

“त्यांनी मला घेतलं,” ऑल्डन म्हणाला.

गार्नेटने टोस्ट खाली ठेवला. “हो म्हणालास?”

“का नको म्हणू?”

“ऐक माझं. ते तुला एक गोष्ट विचारतील. त्या वेळी जे तोंडात येईल ते बोलू नकोस. नुसता गप्प राहा. मी गप्प राहिलो, म्हणून सुटलो.”

“सुटलास की मागे राहिलास?”

आपला आवाज इतका स्पष्ट असू शकतो हे ऑल्डनला ठाऊक नव्हतं.

त्याच वेळी भोंगा झाला. खालून, पाण्याच्या बाजूने, लांब आणि ओला. टेबलांवरच्या चाळीस माणसांपैकी एकानेही मान वर केली नाही. रोडा चहा ओतत होती, ती ओतत राहिली. फक्त गार्नेटने ऑल्डनची बाही धरली.

“बस. ऑल्डन, बसून राहा.”

त्याचा चेहरा पांढरा पडला होता. ऑल्डनने तो चेहरा नीट न्याहाळला आणि त्याला त्यात हेवा दिसला. अखेर दिसला.

त्याने काटा बशीत ठेवला, तोंड पुसलं, बाही सोडवून घेतली आणि एवढ्या माणसांच्या देखत तो धावत सुटला.

दाराबाहेर तो काळपट, बुटका बंब उभा होता.

वरून एक हात आला. ऑल्डनने तो धरला. कोरडा होता आणि कढत होता.

त्याने बाराव्या जागेवर बसून दार ओढून घेतलं. इंजिन चालू होतं, पण बंब हलला नाही.

“आग कुठे लागलीय?” ऑल्डनने विचारलं.

म्हाताऱ्याने मागे पाहिलं नाही. “अजून कुठेच नाही.”

“मग?”

“कुठे ते बारावा सांगतो.”

बंबखान्याच्या खिडकीत गार्नेट उभा होता. दोन्ही तळवे काचेवर टेकवून तो काहीतरी बोलत होता. ऐकू येत नव्हतं.

ऑल्डनला आठवावं लागलं नाही. दर नाताळाला मोशरांचा पत्ता तो पाकिटावर लिहीत आला होता. गाव, रस्ता, घराचा क्रमांक, टपालाचा कोड. त्याने सांगितला. मग, कुणी विचारलं नव्हतं तरी, अर्धवट नोंद त्याला कधीच खपत नसे म्हणून, घरात आत्ता कोण आहे आणि कोणत्या खोलीत, तेही त्याने सांगितलं.