पार्बताबाईच्या कार्डावर

ही गोष्ट खरी आहे. पटली तर ठीक, नाही पटली तरी खरीच आहे.

रात्रीची नाही. अमावस्येची नाही. भर दुपारची आहे. जून २०२१, बुधवार, सव्वातीनची वेळ. गाव तिवस्यापासून सहा किलोमीटरवर. गावाचं नाव सांगत नाही, कारण ते घर विकायला काढलंय आणि गिऱ्हाईक पळवून लावल्याचं पाप मला नको.

जिच्यासोबत हे घडलं ती माझी सख्खी मावशी, मैना.

मावशी म्हणजे कापूस वेचण्यात गावातली एक नंबरची बाई. बाकीच्या बायांची एक ओळ होईस्तोवर हिच्या दोन व्हायच्या. घरात बसणं तिला माहीतच नाही. जेवायचीसुद्धा बाहेर ओट्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याची खबर घेत.

त्या उन्हाळ्यात तिचा उजवा हात थरथरायला लागला. आधी नुसता अंगठा, मग पूर्ण पंजा. चहा पिताना बशी वाजायची.

तिला हाताची भीती नव्हती. भीती होती पार्बताबाईसारखं होण्याची.

पार्बताबाई तिची मोठी जाऊ. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, याच घरातल्या मधल्या खोलीत राहायची. तिला कंपवात होता. तिचंही असंच हातापासून सुरू झालं होतं, मग पायांवर गेलं. चालता चालता दारापाशी आली की पाय जमिनीला चिकटायचे. उंबरठा दिसतोय, बाहेरचं ऊन दिसतंय, पण पाऊल उचलत नाही. २०१९ च्या वेचणीत ती गेली. त्याच खोलीत.

"मी बाईसारखी त्या खोलीत अडकून मरनार नाई," मावशी सुनेला, भावनाला, म्हणाली. "मले लवकर डाक्टरले दाखवा."

दाखवणार कुठे? कोरोनानं अकोल्याच्या दवाखान्यातली मेंदूची ओपीडी बंद. डॉक्टर मोबाईलवर, व्हिडिओतून बघायचे. पण फक्त जुने पेशंट. ज्यांचं आधीचं कार्ड आहे तेच.

मावशीचा मुलगा धर्मेंद्र अकोल्याला एसटी डेपोत मेकॅनिक आहे. त्यानं फोनवरूनच तोड काढली.

"मोठ्याईचं कार्ड हाय ना पेटीत? थोच नंबर सांगू. आडनाव एक, बिमारी एक, वयात दोन-चार वर्साचा फरक. कोन पायते?"

"मेलेल्या बाईच्या नावानं बसू का मी?"

"एकडाव गोया सुरू होऊ दे, मंग सांगून देऊ."

आपल्याकडे एकाच्या चिठ्ठीवर दुसऱ्याचं औषध सर्रास चालतं, तिथं कार्डाचं काय एवढं? मावशी तयार झाली.

आता एक अडचण होती. घरात रेंज एकाच जागी यायची.

मधल्या खोलीत... पार्बताबाईच्या खाटेपाशी.

पहिला बुधवार. भावनानं मोबाईल धरला. पडद्यावर एक तरुण मॅडम आल्या, बोलायला गोड.

"नमस्कार पार्बताबाई."

मावशीनं मान डोलावली.

हात पुढे करा. बोटांची उघडझाप करा. नाकाला बोट लावा. आता उठा, दारापर्यंत जा आणि वळून परत या. मावशी तरातरा जाऊन आली.

मॅडमनी समोरचा जुना कागद वाचला. "तुमचे पाय दारात अडकायचे ना? आता तर छान चालताय."

भावनानं तिला कोपरानं ढोसलं.

"हो जी," मावशी म्हणाली. "आता बरं हाय."

दुसरा बुधवार. पुन्हा तेच. उठा, दारापर्यंत जा.

मावशी दारापर्यंत गेली...

आणि थांबली.

पाय उचलेना. दुखत नव्हता, जडही झाला नव्हता. नुसता उचलत नव्हता. भावनानं दंडाला धरून ओढलं तेव्हा कुठं ती हलली.

"कोनं तरी खालून धरल्यावानी वाटलं," ती नंतर म्हणाली.

मॅडमना मात्र काही नवल वाटलं नाही. त्यांच्या कागदावर तेच लिहिलेलं होतं. जमिनीवर आडव्या रेघा मारा, एकेक रेघ ओलांडत चाला, पाय सुटतो, असं त्यांनी सांगितलं. भावनानं खडूनं खाटेपासून दारापर्यंत अकरा रेघा ओढल्या.

त्या रात्री गरमीमुळे दोघी ओट्यावर झोपल्या. खोलीत कोणी नव्हतं.

सकाळी भावना झाडायला गेली तर रेघा पुसलेल्या. सगळ्या नाही, मधोमध. पाय घासत चालल्यासारखा एक पट्टा, खाटेपासून दारापर्यंत गेलेला.

परत आलेला नव्हता... दाराशीच संपला होता.

भावनाच्या हातातला झाडू तसाच राहिला. मावशी मागं येऊन उभी होती. पट्ट्याकडे बघत ती खाली बसली, आणि दोन वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं ते तिनं सुनेला सांगितलं.

वेचणीच्या दिवसांत ती खोलीला बाहेरून कडी लावून जायची. बाईचा तोल जायचा, एकदा ओट्यावरून पडली होती. म्हणून कडी. त्या दिवशीही लावली. संध्याकाळी येऊन काढली तर दार उघडेना. पार्बताबाई आतून दाराला टेकून बसली होती. गार पडली होती. लोक म्हणाले, हार्ट असेल. कडीबद्दल कोणी विचारलं नाही आणि मावशीनं सांगितलं नाही.

"पाय सुटले होते तिचे," मावशी म्हणाली. "दारापावतर आली होती थे. म्याच कडी लावली होती."

ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "या बुधवारी मॅडमले खरं सांगून देतो. मले माह्या नावानं पायजे."

तिसरा बुधवार. मी सुरुवातीला सांगितला तो.

सव्वातीनला फोन लागला आणि नेमका त्याच वेळी नळ आला. चार दिवसांनी आलेला नळ कोण सोडतं? भावनानं मोबाईल खाटेवर उशीला टेकवून ठेवला आणि पाण्याचा गुंड घेऊन नळावर पळाली. दार उघडंच होतं.

मावशी मोबाईलसमोर उभी राहिली.

"मॅडम, मी पार्बता नाई. मी मैना. थे मेली, दोन वर्सं झाली."

मॅडमच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्या पडद्याच्या जवळ आल्या.

"पार्बताबाई, आवाज लांबून येतोय. कोण बोलतंय?"

"मीच बोलून राहिली जी. मैना."

"तुमचे तर ओठ हलत नाहीयेत."

मावशीनं ओठांना बोट लावून पाहिलं.

"बाहेरून कोणीतरी बोलतंय," मॅडम म्हणाल्या. आता त्या चिडल्या होत्या. "त्यांना म्हणावं, आधी दार उघडा. पेशंटला असं कोंडून ठेवू नका."

मावशीची नजर तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यावर गेली. तिथल्या छोट्या चौकटीत आपला चेहरा दिसतो.

मावशीचे केस आजही काळे आहेत.

चौकटीतली बाई पांढऱ्या केसांची होती. ती मोबाईलकडे बघत नव्हती...

दाराकडे बघत होती.

आणि मागं कडी वाजली. लोखंडाची, बाहेरून लागताना वाजते तशी.

पडद्यावरचं चित्र थांबलं. मॅडमचं तोंड अर्धं उघडं. मावशीनं हाक मारायला घेतली, घशातून आवाज निघेना. दाराकडे जायला गेली, पाय उचलेना. नळाचं पाणी ऐकू येत होतं, बायांचं हसणं ऐकू येत होतं. रस्त्यानं कोणी बैल हाकत गेलं. सगळं जग दहा पावलांवर होतं आणि तिला तिथवर जाता येत नव्हतं.

पार्बताबाईनं हेच ऐकलं असेल. असंच, किती तास कोण जाणे.

वीस मिनिटांनी भावना आली. दाराला बाहेरून कडी. तिनं लावली नव्हती, आजही ती शपथ घेऊन सांगते. घरात तिसरं माणूस नव्हतं. तिनं कडी काढून दार ढकललं.

उघडेना.

आतून कोणी टेकून बसल्यासारखं जड. ती खांदा लावून ढकलत राहिली, आणि मग दार आपोआप हलकं झालं.

मावशी दाराशी नव्हती. ती पार तिकडे, खाटेपाशी उभी होती.

दुसऱ्या दिवशी धर्मेंद्र गाडी करून आला आणि दोघींना अकोल्याला घेऊन गेला. पुढे ओपीडी उघडली. मावशीच्या नावाचं नवीन कार्ड निघालं. डॉक्टरांनी समोर बसवून तपासलं. फक्त हातालाच आहे, तेही थोडं, पायांना काही एक झालेलं नाही, असं ते म्हणाले. गोळ्यांनी हातही आता बराच शांत आहे.

धर्मेंद्रच्या घरात दिवसा एकही दार लावत नाहीत.

गेल्या दिवाळीत मी तिथं गेलो होतो. मावशी आतल्या खोलीतून बाहेर येताना दारात थांबली. मला वाटलं, पाय अडकला. हात द्यायला उठलो.

पण ती अडकली नव्हती. ती एका बाजूला सरकून, भिंतीला चिकटून उभी होती. कोणाला तरी वाट दिल्यासारखी. मग बाहेर आली. भावना म्हणाली, प्रत्येक दाराशी असंच करते.

मी हळूच विचारलं, "मावशी, काहून थांबतं?"

"बाईले आंधी जाऊ देतो," ती म्हणाली.

मग मागं, रिकाम्या खोलीकडे बघत राहिली.

"पन अजून नाई निंगली थे."