दीपमाळ सुस्थितीत आहे

माझी सगळी नोकरी रेल्वेचे पूल तपासण्यात गेली. कललेली वस्तू मला चालत्या गाडीतूनही कळते. पुरानी बस्तीच्या मागे, आमच्या पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, भोसल्यांच्या काळची दीपमाळ पूर्वेकडे कलली होती, आणि हे सांगायला पूल तपासलेले असण्याचीही गरज नव्हती. त्रिपुरी पौर्णिमेला पणत्या लावल्या की तेल एकाच अंगाने ओघळायचं. त्या बाजूचा दगड चिकट, काळाकुट्ट, वर उरला नावाच्या औद्योगिक वस्तीतल्या कारखान्यांची धूळ. ओळंब्याची दोरी सोडली की वीतभर कल दिसायचा.

कलाच्या बाजूलाच श्रावणीची बालवाडी होती. पत्र्याची एक खोली. मुलांच्या आया उरलाला पाळीवर जायच्या, बालवाडी बंद केली तर मुलं रस्त्यावर. म्हणून दीपमाळ पडायच्या आधी सावरायला हवी होती, आणि त्यासाठी वारसा निधीचं अनुदान. शंकर नगरातल्या त्यांच्या कार्यालयात मी चपला झिजवल्या तेव्हा कुठे एक पाहणी अधिकारी आला. अभिनव त्याचं नाव. मराठी घरातला, पण बोलणार हिंदीत. राग यावा इतका सभ्य.

त्याने शिडीवर चढून ओळंबा सोडला, डोळा बारीक केला आणि म्हणाला, "अंकल, ये तो एकदम सीधी है."

मी हसलो. माझा पितळी ओळंबा लावला. दोरी दगडाला समांतर, सरळ. मी दोनदा पाहिलं. त्याची जीप वळणाआड गेली तशी पुन्हा दोरी सोडली. वीतभर कल. वारा नव्हता, हात थरथरत नव्हता, सकाळी पोटभर पोहे खाल्ले होते.

कार्यालयाचं उत्तर आलं की दीपमाळ सुस्थितीत असल्याने अनुदान देता येत नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच आठवड्यात माथ्यावरचा एक दगड सुटून बालवाडीच्या दारात पडला. मुलं आत जेवत होती. मी तो दगड पिशवीत घालून शंकर नगरला नेला आणि अभिनवच्या टेबलावर आदळला. तोंडाला येईल ते बोललो. एखादं पोर मेल्यावर सुस्थिती बदलेल का, हेही विचारलं. शिपाई पाणी घेऊन आला, ते मी प्यायलो नाही. माझी कटकट मिटावी म्हणून त्यांनी दुसरी पाहणी कबूल केली.

या वेळी अभिनवबरोबर त्याचे साहेबही आले. भर दुपार होती. श्रावणीने सगळ्यांना चहा दिला. मी दीपमाळेवरची नजर हलवणार नव्हतो. जीप थांबली तेव्हा ती कललेली होती, हे मी शपथेवर सांगेन. साहेब उतरले. दोरी सोडली गेली. दोरी दगडाला समांतर होती.

पण दीपमाळ हललीच नव्हती. तेल ओघळलेली बाजू तशीच बालवाडीवर झुकलेली होती. दोरी तिरकी लोंबत होती.

मी हातातल्या ग्लासकडे पाहिलं. ग्लास सरळ धरला होता. चहा एका काठाला चढला होता.

समोर साहेब, अभिनव, श्रावणी उभे होते. तिघेही पूर्वेकडे झुकलेले, वीतभर. निवांत. मागचा कडुनिंबही तसाच. दोरीवर वाळणारे फ्रॉकसुद्धा.

"साहेब, दीपमाळ सरळ नाही झाली," मी ओरडलो. "तुम्ही तिरपे झालात सगळे. चहा बघा तुमचा!"

साहेबांनी चहा पाहिला, पिऊन टाकला आणि सुस्थितीच्या अहवालावर सही केली.

जीप गेली. मी वाट पाहत राहिलो. मागच्या वेळेसारखं काहीच पूर्ववत झालं नाही. घरी बायकोने, इंदूने, ताट वाढलं. वरण भातावर न थांबता ताटाच्या एका कडेला जमलं होतं. मी तिला ते दाखवलं, तर ती म्हणाली, उन्हात फिरू नका.

सकाळी उठलो तोही रागातच. ओळंबा खिशात घालून बालवाडीत गेलो. प्रार्थना चालली होती. मुलं हात जोडून उभी, सगळी एकाच बाजूला झुकलेली, आणि त्यांच्या डोक्यावरच्या पत्र्यावर झुकलेली दीपमाळ.

"सरळ उभे राहा!" मी ओरडलो. मुलं घाबरून खाली बसली.

श्रावणी माझ्याकडे बघतच राहिली. मग हळू आवाजात बोलली. "काका, पोट्टे सरळच उभे होते. तुम्हीच काहून असे झुकून राहिले?"

मी ओळंबा काढला. दोरी स्वतःच्या हनुवटीशी धरली आणि वजन सोडलं. ते हेलकावलं, थांबलं. माझ्या दोन पावलांच्या मध्ये नव्हतं. वीतभर बाहेर होतं.

श्रावणीने ते पाहिलं. मी ज्या बाजूला कललो होतो, त्या बाजूची मुलं तिने एकेक उचलली आणि पलीकडच्या भिंतीशी नेऊन बसवली.