डाव्या डोळ्याखालची चांदणी

ती चांदणी पूस आधी. हो, तुलाच म्हणतोय. निळा रंग भुवईपर्यंत चढव, गालावर चमकी थाप, ओठ चंदेरी कर, माझी काही हरकत नाही. डिस्कोच्या जमान्यात असल्या शेकडो चेहऱ्यांवर मी स्वतः लाइट मारलेत. पण उजव्या डोळ्याखाली चांदणी लावून या घरातून बाहेर पडायचं नाही.

व्हिडिओत तसंच आहे म्हणतेस? असणारच. व्हिडिओत चूक आहे, आणि ती चूक कुणाची तेही मला ठाऊक आहे. बसा तिघी. तुमची रेट्रो नाइट नऊला, आत्ता कुठे सात वाजून गेलेत. ते मोबाइल पालथे घाला, नाहीतर मी सांगणार नाही.

हे घडलं माझ्या मित्राच्या मुलीच्या बाबतीत. अंगकाठी अशी की सगळे तिला बारकीच म्हणतात. अर्धं मी डोळ्यांनी पाहिलंय, उरलेलं तिने त्याच रात्री मला सांगितलं. ती थापा मारणाऱ्यांतली नाही.

गेल्या वर्षी नोव्हेंबरची तेरा तारीख, बुधवार. बारकी एका मोठ्या पार्लरमध्ये मेकअपला होती. संध्याकाळी सहाला मॅडमने तिच्या हातात पेटी दिली. म्हणाली, "हॉलवर जा. मॉडेल सातला येईल. तिचा डिस्को लुक करून ठेव, मी साडेआठला थेट स्टेजवर येते. आणि चार्ट बघून कर, स्वतःचं डोकं चालवू नकोस." साधं रोजचं काम. बारकीने वाटेत कापूस घेतला, दोन पिनांची पाकिटं घेतली आणि बसने निघाली.

पण पोरगी आतून धुमसत होती. कारण तो लुक मॅडमचा नव्हताच. तो बारकीच्या आत्याचा होता.

आत्याला मी चांगला ओळखायचो. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये डिस्को डान्सचे शो व्हायचे. मी नुकता लाइटवर लागलो होतो आणि ती नाचणाऱ्या मुलींचे चेहरे रंगवायची. निळ्यावर चंदेरी कसं चढवायचं, गालाची लाली कानशिलापर्यंत कशी ओढायची, सगळं तिने स्वतःच्या डोक्याने काढलं. जाहिरातीवर मात्र रंगभूषा म्हणून नाव कुणाचं? हॉलच्या तेव्हाच्या मालकाचं. त्या माणसाला काजळाची काडी कुठल्या टोकाने धरतात ते माहीत नव्हतं. आत्या एकदा विचारायला गेली, माझं नाव का नाही. त्याने थोबाडीत दिली. हातात जाड अंगठी होती. डाव्या डोळ्याखाली कातडं फाटलं.

दुसऱ्या दिवशी ती कामावर आली. सिगारेटच्या पाकिटातली चांदी कापून तिने चांदणी केली होती आणि खोट्या पापण्या लावायच्या गोंदाने जखमेवर चिकटवली होती. आठवड्याभरात सगळ्या मुलींना तशी चांदणी हवी झाली. त्याचंही श्रेय मालकानेच लाटलं. मी तेव्हा गप्प बसलो. त्याची लाज मला आजही वाटते, म्हणून सांगून टाकतो.

आता नीट ऐका, कारण सगळं यावर आहे. मेकअपवाले चेहरा कागदावर काढतात आणि त्यावर मेकअपचेच रंग लावून ठेवतात. त्याला चार्ट म्हणतात. समोर बसलेल्या बाईचा चेहरा काढला की तिचा उजवा डोळा कागदावर डाव्या हाताला येतो. सगळे चार्ट तसेच वाचतात. पण आत्याकडे समोर बसायला कोण होतं? ती आरशात बघून स्वतःचाच चेहरा काढायची. त्यामुळे तिच्या कागदावर डावा तो डावाच. आणि कोपऱ्यात सही करायची नाही ती. चंदेरी रंगात बोट बुडवून ठसा उठवायची. त्या बोटावर ब्लेडने कापल्याची जुनी खूण होती, म्हणून ठशात एक आडवी रेघ यायची.

दोन वर्षांपूर्वी आत्या गेली. तिच्या ट्रंकेत असे बत्तीस चार्ट निघाले. बारकी हरखली आणि मॅडमला दाखवून बसली. मॅडम गोड बोलली, "दोन दिवस दे, स्कॅन करून परत करते." दोन दिवसांचे चार महिने झाले. मग एक दिवस तेच कागद पार्लरच्या भिंतीवर फ्रेममध्ये लागले, मॅडमच्या सहीने. ठसा असलेला कोपरा प्रत्येकाचा कात्रीने कापलेला. तळपायाची आग मस्तकात गेली पोरीच्या. पण तिने तोंड उघडलं नाही. या धंद्यात मॅडमची ओळख सगळीकडे, उद्या दारात उभं कोण करणार? त्या बुधवारी तर एक सौंदर्यप्रसाधनांची कंपनी येणार होती. तो लुक मॅडमच्या नावाने बाजारात आणायचं स्टेजवर जाहीर होणार होतं. एकदा जाहीर झालं की आत्याचं नाव कायमचं पुसलं जाणार, हे बारकीला कळत होतं.

सात वाजून दहा मिनिटांनी ती हॉलवर पोचली. मी पुढे लाइट लावत होतो, मला हात करून ती मागे मेकअपच्या खोलीत गेली. खोलीत आरशाभोवतीच्या दिव्यांपैकी दोनच लागत होते. खुर्चीत मॉडेल बसलेली होती. डोळे मिटलेले, केस मागे बांधलेले, मान टेकलेली. बारकीला वाटलं, दमली असेल बिचारी. "उशीर झाला हो, सॉरी," म्हणत तिने पेटी उघडली. उत्तर आलं नाही. मॉडेल लोक बोलत नाहीतच फारसे.

तिने क्रीम बोटावर घेतलं. बोटाच्या उबेने क्रीम पातळ होतं, कातडीत मिसळतं, रोजचा अनुभव. या चेहऱ्यावर ते पसरेचना. घट्ट होऊन बोटाखाली तसंच राहिलं. एसी जास्त असेल, असं तिला वाटलं. मग लक्षात आलं, एसी बंद आहे.

तरी हात चालू ठेवला. निळा रंग लावला. चंदेरी लावला. दोन्ही गालांना लाली ओढली. शेवटी चांदणी चिमट्यात धरली, मॅडमचा चार्ट पाहिला आणि उजव्या डोळ्याखाली नेली.

बाईने तिचं मनगट धरलं.

जोरात. हाडाला लागेल असं. डोळे मिटलेलेच...

बारकी म्हणाली, "दुखतंय हो."

पकड सुटली नाही. हात हळूहळू दुसऱ्या बाजूला नेला गेला. डाव्या डोळ्याखाली. तिथे बारकीची बोटं टेकली... आणि क्रीमच्या थराखाली तिला एक खाच लागली. अर्ध्या नखाएवढी, तिरकी.

ती खाच बोटांना ओळखीची होती. लहानपणी आत्याच्या मांडीवर बसून ती हात लावायची तिला. "काय झालं गं इथे?" विचारायची.

बारकी पुटपुटली, "आत्..."

बाईने डोळे उघडले.

त्या डोळ्यांत माया नव्हती. बारकी मला हे सांगताना रडली. आत्याने आयुष्यात कधी तिच्याकडे तसं बघितलं नव्हतं. राग होता नुसता. "आणि तो मॅडमवर नव्हता, काका," असं म्हणाली. "माझ्यावर होता. कागद मी दिले. कोपरे कापलेले बघितले, आणि मी गप्प बसले..."

तेवढ्यात फोन वाजला. बारकीने वळून तो उचलला. पलीकडून एक मुलगी बोलत होती, "ताई, मी मॉडेल बोलतेय. ट्रॅफिकमध्ये अडकलेय, पंधरा मिनिटांत आलेच."

बारकी मागे वळली. खुर्ची रिकामी.

दुसरी कुणी असती तर पळाली असती. ती पळाली नाही. तोंडावर पाणी मारलं, खुर्ची पुसली आणि खरी मॉडेल आल्यावर तिचा चेहरा केला. मला नंतर म्हणाली, भीती वाटत होती, पण त्याहून जास्त स्वतःचा संताप येत होता.

साडेआठ. हॉल भरलेला. कंपनीची माणसं पहिल्या रांगेत. मॅडम स्टेजवर आली, स्वतःही तोच मेकअप करून, चांदणी उजव्या डोळ्याखाली. बारकीने मॉडेलला आणलं. मॅडमने बघितलं आणि माइकवरच हसत झापलं, "बघा, आमच्या मुलींना अजून डावं-उजवं कळत नाही. चांदणी चुकली, बाळा."

बारकी म्हणाली, "नाही चुकली. ती डावीकडेच असते. का ते सांगा ना, मॅडम. तुमचाच लुक आहे ना?"

मॅडम नुसती हसली आणि मॉडेलकडे वळली. मग बारकीने सांगितलं. आरसा, अंगठी, सिगारेटची चांदी, बत्तीस कागद, कापलेले कोपरे. एकही शब्द गिळला नाही पोरीने.

मॅडमचा चेहरा काळाठिक्कर. पण बाई बेरकी. माइक घट्ट धरून म्हणाली, "कोण हिची आत्या? मी कुठल्या आत्याला ओळखत नाही. हे सगळं माझ्या हातचं आहे."

आणि लाइट गेले.

माझे लाइट. माझा हात बोर्डाला लागलेला नव्हता, देवाशपथ. हिरवे दिवे बोर्डावर तसेच जळत होते. बाहेरच्या पॅसेजमध्ये उजेड होता. फक्त स्टेजवर अंधार... गुडूप.

माइक मात्र चालू होता.

मॅडमचा श्वास ऐकू येत होता. मोठमोठा. मग तिचा आवाज आला, अगदी बारीक.

"हात काढ..."

मग काही नाही...

मग पुन्हा. "थंड आहे... हात काढ."

मी मोजले, दहा सेकंद. लाइट आपोआप आले. मॅडम एकटीच उभी होती. बारकी आणि मॉडेल तिच्यापासून चार हात लांब, एकमेकींना धरून. मॅडमची चांदणी खाली पडलेली होती. मॅडम तशीच विंगेत निघून गेली. कंपनीच्या माणसांनी फायली मिटल्या. त्यांनी पुढे तो लुक काढलाच नाही. बारकीने दुसऱ्या दिवशी नोकरी सोडली आणि भिंतीवरच्या बत्तीसही फ्रेमा उतरवून घरी नेल्या. तिला अडवायला कुणी पुढे आलं नाही.

तुम्ही म्हणाल, आजोबा, फ्यूज गेला असेल. मीही तेच म्हणत होतो, अगदी मागच्या शुक्रवारपर्यंत.

शुक्रवारी मॅडम हॉलवर आली होती, जुनं डिपॉझिट परत न्यायला. भर दुपारी बारा वाजता, चेहऱ्यावर मेकअपचा हा एवढा जाड थर. पार्लर बंद केलंय म्हणे. मी कागद पुढे सरकवला, ती सहीला खाली वाकली, आणि उजेड तिच्या गालावर पडला.

डाव्या डोळ्याखाली मेकअपच्या थरातून काहीतरी वर येत होतं. चंदेरी. तिने पटकन स्पंज काढून दाबलं. माझ्यादेखत ते पुन्हा वर आलं. एक वर्ष झालं त्या रात्रीला.

बोटाचा ठसा होता. रेघा मोजता आल्या असत्या. आणि मधोमध एक रेघ आडवी.