साइरुंगचं नाव

हे खरं घडलंय. मी विज्ञान शिकलेली, त्यामुळे सांगताना माझीच जीभ अडखळते.

थंडीतली धुक्याची सकाळ होती. मेकाँगकाठचं आमचं गाव, नोंगसिम.

मी गावाचं रक्त तपासते. बोटाला सुई, थेंब कागदावर. कागद पिवळा राहिला तर ठीक. हिरवा झाला तर फवारणीचं विष रक्तात उतरलंय.

आधी हे काम बुनलाय मावशी करायची. रोज सकाळी विहाराच्या भोंग्यावरून सांगायची, "अमक्या, आज मिरचीत जाऊ नकोस."

मावशी वारली. भोंगाही बंद पडला.

त्या सकाळी तपासणीला वहिनीचा नंबर होता. सातवा महिना, तरी मिरची तोडायला जायची.

"आला डास!" वहिनी हसली. "वन्सं, रक्तावरच भागतं तर आमचा चिकटभात कशाला संपवता?"

कागद पिवळा.

"बघा! चालले मी शेतात."

"काल काय प्यायलीस?"

"रांगचुतच्या पाल्याचा काढा. त्यानं कागद पिवळा राहतो. तपासणीच्या आदल्या दिवशी अख्खं गाव पितं."

"अगं, मग मी तपासते काय? काढा?"

तेवढ्यात कोंबडे गप्प झाले.

सगळेच... एकदम.

भोंगा खरखरला. मग खोकला...

बुनलाय मावशीचा खोकला.

"साइरुंग... आज मिरचीत जाऊ नकोस..."

साइरुंग? गावात या नावाचं कुणीच नाही.

मी वहिनीकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात पोटावर होते.

"हे नाव आम्ही काल रात्री ठरवलं," ती पुटपुटली. "मुलगी झाली तर. कुणालाच सांगितलं नाही, वन्सं."

मी विहाराकडे पळाले. भोंग्याच्या खोलीला कुलूप. भिक्खूंनी उघडून दिलं. भोंग्याची वायर तुटून लोंबत होती. यंत्रात पालीची अंडी.

वहिनी शेतात गेली नाही. काढा बंद करून पुन्हा तपासलं.

कागद गर्द हिरवा.

साइरुंग धडधाकट जन्मली. भोंगा पुन्हा वाजला नाही.

पण ती बोलायला लागली, तेव्हापासून उजाडताच उठून बसते. कान देऊन...

मग कुणाचं तरी नाव घेते. मी सुया घेऊन त्या घरी जाते. लोक वैतागतात, "परत आलीस?" कागद हिरवाच निघतो. प्रत्येक वेळी. कुणी ऐकतं, कुणी काढा उकळायला ठेवतं.

थकलेय मी. समजावून, सुया टोचून.

मी कधी फवारणीचा पंप हातात धरलेला नाही. मिरचीच्या शेतात पाऊलही टाकत नाही.

आज सकाळी साइरुंग उठून बसली. बराच वेळ ऐकत राहिली... मग माझ्याकडे वळली.

"आत्या."

स्वतःचं बोट पुसून बसलेय. सुई उचलवत नाही.