फळीमागे चार सेकंद

ही गोष्ट अमावस्येची नाही आणि स्मशानाजवळची तर नाहीच. भर दुपारी तीन वाजता, माणसांनी भरलेल्या कारखान्यात घडलेली आहे. अक्षर न् अक्षर खरी. ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसावं. माझे सासरेही आधी हसलेच होते.

तसे ते जन्मभर दुसऱ्यांनाच हसत आले. धंदाच तो होता म्हणा ना. लाकूडकामाच्या कारखान्यांत जायचं, स्टॉपवॉच घेऊन उभं राहायचं, यंत्र तासाला किती काम काढू शकतं आणि प्रत्यक्षात किती काढतं ते मोजायचं. फरक निघाला की तो माणसाच्या माथी मारायचा. "यंत्र कधी आळशी नसतं," हे वाक्य जेवतानासुद्धा ऐकावं लागे. कामगारांची नावं त्यांनी कधी विचारली नाहीत. करवतवाला, भोकंवाला, पॉलिशवाला. बस्स.

त्या मंगळवारी ते दारं बनवणाऱ्या एका कारखान्यात गेले. मालकाला जुना प्लेनर भंगारात काढायचा होता. हवा होता तो फक्त यांच्या सहीचा कागद.

प्लेनर म्हणजे कपाटाएवढं लोखंडी धूड. अलीकडून खडबडीत फळी घालायची, आतली पाती ती तासतात, पलीकडून गुळगुळीत फळी बाहेर येते. ती धरायला पलीकडे एक माणूस हवा. नाहीतर फळी झुकते आणि पाती तिच्या शेपटाला खड्डा पाडतात.

इथे एकटा म्हातारा होता. अलीकडे.

पलीकडे... कोणीच नाही.

सासऱ्यांनी तासभर मोजलं. साठ फळ्या. दोघांनी मिळून निघाव्यात तेवढ्या. खड्डा एकीलाही नाही.

सासऱ्यांनी तोंड वाकडं केलं. म्हातारा आधी तासलेल्या फळ्या मिसळतोय, आणि तुम्ही झोपा काढताय, असं त्यांनी सुपरवायझरला सुनावलं. सुपरवायझर मान खाली घालून म्हणाला, एकदा पलीकडे उभं राहून बघा.

ते पलीकडे गेले.

फळी बाहेर आली. हातभर. दोन हात. पूर्ण.

झुकली नाही...

हवेत सरळ राहिली. मग अलगद बाजूला सरकली आणि थप्पीवर जाऊन बसली. आवाजसुद्धा नाही.

सासऱ्यांनी वाकून पाहिलं. तार नाही, टेकू नाही. फरशीवर नुसता भुसा.

पुढची फळी आली. तिच्यावर बारीक भुकटीचा थर होता. आणि त्या थरात... दोन्ही कडांना एकेक बोट उमटत गेलं.

बारीक बोटं. बाईची.

"हा काय तमाशा आहे?" सासऱ्यांनी म्हाताऱ्याला विचारलं.

म्हाताऱ्याने यंत्र थांबवलंही नाही. "बायको आहे माझी."

बाकीचं सुपरवायझरने सांगितलं. एकोणीस वर्षं ती पलीकडे उभी राहायची. मग कोणी घड्याळवाले साहेब आले. त्यांनी लिहून दिलं, की या बाईला फळीमागे चार सेकंद काम, बाकी वेळ नुसती उभी. आठवडाभरात तिला घरी बसवलं. वर्षाच्या आत ती गेली. तोवर म्हाताऱ्याच्या प्रत्येक फळीला खड्डा पडत होता. ती गेली आणि खड्डे बंद झाले.

शेकडो कारखाने पालथे घातलेल्या सासऱ्यांना ती बाई आठवेना. चेहरा नाही, साडी नाही.

चार सेकंद मात्र आठवले. आकडा त्यांचाच होता.

"घाबरलात?" ते हे सांगत असताना मी विचारलं होतं.

"घाबरतोय कशाला? चिडलो."

त्यांनी म्हाताऱ्याला बाजूला सारलं आणि स्वतः फळी घातली.

हातभर. दोन हात...

धाडकन फरशीवर. शेपटाला बोटभर खड्डा.

दुसरी घातली. तीच गत.

एव्हाना करवती बंद पडल्या होत्या. सगळा कारखाना बघत होता. सासऱ्यांनी तिसरी घातली.

ही झुकली नाही. पलीकडे हवेत सरळ थांबली. सासऱ्यांना हायसं वाटलं. ते हसले म्हणे.

आणि मग... चिमटीत धरलेलं मळकं फडकं टाकावं, तशी ती फळी खाली सोडून दिली गेली.

पलीकडच्या मोकळ्या जागेतून एकच आवाज आला.

"हुं."

किंकाळी नाही, रडणं नाही. नुसतं नाक मुरडणं. सासरे लोकांच्या कामाकडे बघून जसं करत, अगदी तसंच.

म्हातारा पडलेल्या फळ्या उचलू लागला. "तुमचं नाही घ्यायची ती, साहेब."

सासऱ्यांनी कागदावर लिहिलं, 'यंत्र उत्तम. माणसं दोन.' मालकाने विचारलं, दुसरं कोण? सासरे कागद त्याच्या हातात ठेवून बाहेर पडले. मालकाने दुसऱ्या कोणाची सही आणली, प्लेनर भंगारात गेला, म्हातारा घरी. तो प्लेनर आता कुठे आहे, चालतो की नाही, काही पत्ता नाही. सासऱ्यांनी त्यानंतर एकही यंत्र मोजलं नाही.

हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, सासूबाईंना तर अजून नाही.

"भुताचं काही नाही हो," ते म्हणाले. "पण ती मला ओळखून 'हुं' म्हणाली... की न ओळखताच, नुसतं माझं काम बघून?"