पुसलेली थाप

सर्जेराव निकमांनी काठोकाठ भरलेला चहाचा ग्लास डॅशबोर्डवर ठेवला आणि ट्रक पठाराच्या कच्च्या रस्त्याला घातला. बाहेर चाकं जांभ्या दगडांवर धडाधड आपटत होती. पण आत चहावर साधी सुरकुतीही उमटली नाही.

"बघितलंस का हौसे!" ते ओरडले.

"हळू बोला की! मी काय पलीकडच्या डोंगरावर बसलीया?" शेजारी बसलेल्या हौसाबाई म्हणाल्या, आणि मग दोघांनाही हसू आवरेना.

सवय जाते का अशी? पवनचक्क्यांचे सुटे भाग पठारावर पोचवता पोचवता नवरा-बायकोची उमर गेली होती. क्लीनर नोकरी सोडून पळाला तेव्हा, "म्हशी वळते, तर ट्रक का न्हाई?" म्हणत हौसाबाई स्वतःच केबिनमध्ये चढून बसल्या, त्या कायमच्या. जुन्या ट्रकाच्या खडखडाटात सगळा संसार कोकलून झाला. लेकीचं लग्न ठरवलं तेही बोंबलून. त्या गोंगाटानं हौसाबाईंचा डावा कान गेला आणि उजवाही दगा देऊ लागला, तेव्हा सर्जेराव कंपनीच्या मागे हात धुऊन लागले. राहिलेला कान तरी शाबूत राहावा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

म्हणून ही शांत केबिन आली. ती बसवणाऱ्या तन्वी साळवीनं समजावलं होतं, "काका, एका झोक्याला दोघांनी दोन बाजूंनी सारख्याच जोरानं ढकललं, तर झोका हलेल का? तसंच हे." केबिनभर पेरलेले बारीक मायक्रोफोन प्रत्येक आवाज ऐकत आणि त्याच क्षणी त्याचा नेमका उलटा आवाज, म्हणजे प्रतिनाद, सोडत. केबिनखालचे चुंबकी खांब धक्क्यांचाही असाच निकाल लावत. यंत्र रोज शिकत होतं. एखादा खडखडाट ओळखीचा झाला की तो पुसूनच टाकी.

आता गंमत अशी, की जुन्या ट्रकात साधा नट सैल झाला तरी सर्जेरावांचं डोकं उठे आणि ते पाना घेऊन खाली उतरत. इथं ट्रकच्या मागच्या दाराची, म्हणजे फाळक्याची, साखळी तुटली. फाळका दिवसभर पत्र्यावर थाडथाड आपटत राहिला, पण आत ऐकूच येत नव्हतं. साखळी तुटलेली त्यांना दिसली होती. पण आवाज नाही म्हटल्यावर घाई कसली! "करू उद्या," म्हणत त्यांनी दिवस ढकलले.

खिंडीतलं वळण असं अवघड, की लांब ट्रक एका दमात वळत नसे. मागे घ्यावा लागे आणि मागे थेट कडा. हौसाबाई उतरून मागे उभ्या राहत. त्यांची पत्र्यावर थाप पडली की थांबायचं, एवढाच दोघांचा नेम. थापेवरून सर्जेरावांना बायकोची तब्येतही कळे. सकाळी भांडण झालेलं असेल तर थाप अशी बसे, की पत्र्यात नाही, आपल्याच पाठीत बसली!

त्या दिवशी धुकं दाट होतं. आरशात पांढऱ्याशिवाय काही दिसत नव्हतं. हौसाबाई उतरल्या. सर्जेरावांनी रिव्हर्स टाकला. ट्रक मागे सरकला, आणखी सरकला. आत कशी देवघरासारखी शांतता.

अन् एकदम त्यांच्या लक्षात आलं. हौसा आणि इतका वेळ गप्प? शक्यच नाही!

त्यांनी ब्रेकवर उभं राहून ट्रक थांबवला आणि धावत मागे गेले. मागच्या चाकाखालून माती कड्यात ओघळत होती. चाक आणि कडा यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत हौसाबाई पत्र्याला चिकटून उभ्या होत्या. दोन्ही तळहात लालबुंद झाले होते.

"मेले असते की मी! कान फुटलं का तुमचं?" असं ओरडून त्या तिथंच मटकन बसल्या आणि रडू लागल्या.

दुसऱ्या दिवशी तन्वीनं यंत्र तपासलं. फाळक्याची थाडथाड आणि तळहाताची थाप यंत्राला सारखीच वाटली होती. "पण पुसण्याआधी ते ऐकतं, काका. म्हणजे आत जपलेलं असणार." तिनं बटण दाबलं.

आधी नेहमीची एक थाप वाजली. मग जोराची. मग दोन्ही हातांनी, धडाधड, आणि पत्र्यातून झिरपलेली हाक, "आवं थांबा! आवं!" सर्जेरावांनी तोंडावर उपरणं धरलं आणि ते हुंदके देऊ लागले.

"ही थाप आता यंत्र कधीच पुसणार नाही," तन्वी हळूच म्हणाली. "शिवाय धुक्यातही बघणारा कॅमेरा मागे बसवते. कडा जवळ आला की यंत्रच ही थाप वाजवेल. काकूंना उतरायलाच नको."

उतरायला नको, म्हटल्यावर चढायला तरी कशाला? कंपनीनं दुसरं माणूस बंद केलं. हौसाबाई घरी राहिल्या. कान वाचला, सगळे म्हणाले, बरंच झालं.

पुढच्या हिवाळ्यात, त्याच वळणावर थाप पडली. सर्जेराव थांबले आणि सवयीनं वाकून त्यांनी डावीकडचं दार उघडलं. धुकं आत आलं. बाकी कोण येणार? रोज असंच होई. आणि रोज ती थाप तीच, भ्यालेल्या हौसेची. यंत्रातली हौसा रोज कड्यावरच उभी होती. सर्जेरावांना थंडीतही घाम फुटे.

संध्याकाळी ते चुलीपाशी येऊन बसले. हौसाबाई भाकरी थापत होत्या. तो आवाज ते बराच वेळ नुसता ऐकत राहिले.

"हौसे, तन्वीला सांगून दुसरी थाप भरू या का? ही ऐकवत न्हाई गं मला. रोजची दे एखादी. रागाची असली तरी चालंल."

हौसाबाईंचे हात थांबले. पिठानं भरलेल्या आपल्याच तळहाताकडे त्या बघत राहिल्या.

"देती की. पण आवं, मागं कडा न्हाई, चाक फिरत न्हाई, आत तुम्ही बसलेलं न्हाई. मग माझ्या हाताला ती रोजची थाप यायची कशी?"