आईचा साचा

पटो न पटो, हे खरं घडलंय. ज्याच्या बाबतीत घडलं तो माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याच्यासाठी खोटं बोलायचे कष्ट मी तरी घेणार नाही.

तो शिल्पकार. 'मानवी देह हाच माझा विषय' असं येताजाता ऐकवायचा. स्वतःच्या देहाला आंघोळ घालायला मात्र विसरायचा. हात, पाय, कान, जे मिळेल त्याचे साचे काढायचे, त्यात प्लास्टर ओतायचं आणि जे निघेल ते भिंतीवर टांगायचं. कुणी ढुंकून बघत नव्हतं. त्याची आई तर बघून नाकानं नुसतं 'हुं' करायची.

मग त्याची नजर आईवरच पडली.

सुरकुतलेलं पोट, ओघळलेली छाती. याला त्यात कला दिसली.

ती म्हणाली, "हे झाकण्यात माझा जन्म गेला. आणि तू ते टांगणार?"

पण पठ्ठ्या हात धुऊन मागे लागला. पोटचा गोळाच तो, शेवटी ती तयार झाली.

रविवारची दुपार होती. त्याच्या कामाच्या खोलीत त्यानं तिला आडवं केलं. अंगाला व्हॅसलिन, वर प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या, गळ्यापासून कमरेपर्यंत. घट्ट व्हायच्या आत छाती हलली तर साचा तडकतो. म्हणून त्यानं बजावलं, "मी सांगेपर्यंत मोठा श्वास घ्यायचा नाही."

तेवढ्यात शिल्पांची प्रदर्शनं भरवणाऱ्या एका गॅलरीवाल्याचा फोन आला. साहेब बोलत बोलत गच्चीत गेले आणि तिकडेच रमले.

साचा शेवटी माझ्या बहिणीनं उतरवला.

'झालं, घे आता श्वास' हे त्यानं सांगितलंच नाही.

त्या दिवसापासून म्हातारी छाती न हलवता, वरच्यावर श्वास घ्यायला लागली. बहिणीनं कारण विचारलं तर म्हणाली, "त्यानं कुठं सांगितलंय अजून?"

बहिणीला वाटलं, थट्टा करतेय. नवऱ्याच्या कानावर घातलं तर तो म्हणाला, नाटकं आहेत तिची. थोड्याच दिवसांत ती झोपेतच गेली.

डोळे पुसून व्हायच्या आत यानं आईला गॅलरीच्या भिंतीवर चढवलं.

लोकांनी डोक्यावर घेतलं हो! मोठ्या संग्रहालयाची माणसं बघायला यायची ठरली. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी विचारत होतं.

आणि एका सकाळी... पांढऱ्या छातीवर बारीक तडा दिसला.

त्यानं तो बुजवला, पॉलिशपेपर मारला.

दुसऱ्या सकाळी तडा पुन्हा तिथेच. जरा रुंद.

आतून ढकलल्यासारखा...

संग्रहालयवाले यायचे त्या दुपारी तो गॅलरीच्या हॉलमध्ये एकटाच होता. रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज अचानक येईनासा झाला.

मग... अगदी बारीक...

कुणीतरी वरच्यावर श्वास घेत होतं.

त्यानं स्वतःचा श्वास रोखून बघितला. तो आवाज चालूच.

भिंतीवरचं पोट केसभर वर आलं... खाली गेलं.

दुसरा कुणी असता तर नाक घासून माफी मागितली असती. याला काळजी कशाची, तर तड्याची. दबक्या आवाजात म्हणाला, "आई, हलू नकोस. ते लोक बघून जाईपर्यंत थांब."

श्वास थांबला.

सगळं शांत...

आणि भिंतीवरून आवाज आला. "हुं."

प्लास्टर गळ्यापासून कमरेपर्यंत उभं तडकलं आणि खाली आलं. आत काहीच नव्हतं.

पाहुणे आले तेव्हा तो त्या ढिगाऱ्यात बसला होता. वरच्यावर श्वास घेत.

डॉक्टर झाले, एक्सरे झाले. फुफ्फुसं ठणठणीत. पण छाती भरून श्वास काही घेत नाही. जिना चढता येत नाही, बोलताना वाक्य तुटतं. काम तर केव्हाच बंद पडलं.

मी भेटायला गेले तेव्हा माझी जीभ काही गप्प बसली नाही. म्हटलं, "नाटकं पुरे झाली. घे की मोठा श्वास."

त्यानं रिकाम्या भिंतीकडे बोट दाखवलं. मग हळूच म्हणाला, "आईनं... अजून सांगितलं नाही."

बहिणीसाठी मला त्या घरी जावंच लागतं. आत असेपर्यंत त्याला नावं ठेवायची माझी हिंमत होत नाही. जिना उतरते, रस्त्यावर येते, आधी छाती भरून श्वास घेते, आणि मगच ठेवते.